आईच्या अंगठ्याचा फोटो

दसरा झाला की तिसगावच्या रस्त्याला दोन तऱ्हेच्या गाड्या दिसायला लागतात. एक ट्रक आणि ट्रॅक्टर, माणसं, भांडी, शेळ्या, कोंबड्या भरून ऊसतोडीला निघालेले. दुसऱ्या छोट्या, काचा वर केलेल्या. त्या पहिल्या गाड्यांचे फोटो काढायला आलेल्या. ट्रकमधली माणसं पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत येतात. फोटोवाली परत येत नाहीत. "फोटो पाठवतो हां," असं सांगून जातात.

ती माणसं वाईट नसतात, हे आधीच सांगून टाकते. वाईट असती तर बरं झालं असतं. वाईट माणसाला कसं वागवायचं ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. ही माणसं चांगली असतात. जमिनीवर मांडी घालून बसतात, आमच्या तांब्यातलं पाणी दोन घोट का होईना पितात, म्हाताऱ्यांच्या पाया पडतात. आणि मग कॅमेरा डोळ्याला लावला की समोरचा माणूस त्यांना दिसायचा बंद होतो. मला त्या क्षणाची किळस आहे. आणि त्यात एकदा मीही सामील होते, त्याची जास्त.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. आईच्या माहेरात आणि बापाच्या भावकीतही माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. बी.कॉम., तेही फर्स्ट क्लास. हे मी चारचौघांत सांगते आणि सांगताना आवाज खाली घेत नाही. आईबाप ऊसतोडीला जायचे तेव्हा मी चुलतीपाशी राहून शिकले. आता सुप्याला एका कंपनीच्या ऑफिसात आहे, नगरला सावेडीत खोली करून राहते. नोकरी लागल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर आईबापाचं तोडीला जाणं बंद केलं. दोघांचे कोयते आईनं आढ्याला खोचून ठेवले, ते तिथेच.

आईला सही मी शिकवली. आठवीत होते. उन्हाळ्यात ती परत आलेली, मी माझ्या जुन्या वहीची उरलेली पानं तिला दिली. पहिलं अक्षर यायला तिला आठ दिवस लागले. शेवटच्या अक्षराला ती एक लांब शेपूट काढायची, मोळीला शेवटचा पीळ मारावा तशी. मी म्हणायचे, असं शेपूट नसतं. ती म्हणायची, "आसू दे. सुटत न्हाई मंग." सही झाली की कागद माझ्याकडे फिरवून विचारायची, "बग बरं, नीट आलीया का?" ही तिची सवय पुढे किती वर्षं राहिली.

माझ्या कॉलेजच्या प्रवेशाला तीच आली होती. फॉर्मवर पालकाची सही हवी होती. खिडकीतल्या कारकुनानं आईच्या साडीकडे एकदा बघितलं आणि न विचारता शाईचं पॅड पुढे सरकवलं. आईनं एका बोटानं ते पॅड परत त्याच्याकडे ढकललं. म्हणाली, "पेन द्या." एवढंच. मला त्या दिवशीची कॉलेजची इमारत, ग्रंथालय, काही आठवत नाही. ते मागे सरकत गेलेलं पॅड आठवतं.

पुढे गावातल्या बचत गटाची ती अध्यक्ष झाली. सही येते आणि तोंड बंद ठेवता येतं, या दोन गुणांवर. गटात तीन म्हाताऱ्या अंगठा देणाऱ्या आहेत, म्हणून गटाचं शाईचं पॅड आमच्या घरी असतं, फडताळात, हळदीच्या डब्याशेजारी. म्हाताऱ्यांचा अंगठा घेऊन झाला की त्या तो डोक्याला पुसतात. केसाला तेल असलं की शाई जाते. आमच्याकडे सगळे असंच करतात.

हे सगळं सांगितलं, कारण पुढचं त्याशिवाय कळायचं नाही.

ती फोटोग्राफर पुण्याची. चाळिशीची, खादीचा कुडता, केस बारीक कापलेले, आणि मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. तोडकामगार बायकांवर ती पुस्तक करत होती, आणि पुढे प्रदर्शन. कॉलेजातल्या आमच्या एका सरांनी तिला माझा नंबर दिला. मी दिवाळीला चार दिवस सुट्टी टाकून, दिवाळी करून मग तोडीला निघणाऱ्यांकडे तिला गावोगाव फिरवायचं, बायकांशी बोलून द्यायचं, असं ठरलं. बदल्यात ती म्हणाली, "पुस्तकाच्या सुरुवातीला तुझा लेख घेऊ. आतून आलेला आवाज हवाय मला." छापून येईल म्हटल्यावर मी हुरळले. माझं नाव, माझा लेख, पुण्यात छापलेलं पुस्तक. खोटं कशाला बोलू? मी त्याच रात्री चार पानं लिहून काढली होती.

"आपण काही बदलायचं नाही हं," ती गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाली. "आहे तसं टिपायचं."

आणि मग पहिल्याच घरी लाल प्लॅस्टिकची खुर्ची दोन हात लांब ठेवायला सांगितली. रंग डोळ्यात येतो म्हणून. दुसऱ्या घरी पोरीनं दिवाळीचा नवा फ्रॉक घातला होता, तिला चुलीमागे बसवलं. तिसऱ्या घरी बाईनं फोटो काढायचा म्हणून ठेवणीतली साडी नेसली, पावडर लावली, कॅमेऱ्यासमोर सावधानमध्ये उभी राहिली. आमच्याकडे फोटो म्हणजे तसाच असतो. तो भिंतीला लागायचा असतो. फोटोग्राफर हसून म्हणाली, "ताई, रोजच्यासारखं राहा ना." बाई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणाले, "वहिनी, कामावरची साडी नेसा." ती आत गेली आणि साडी बदलून आली. पावडर तेवढी पुसली नाही. पदराचं एक टोक तोंडात धरून बसली, आणि नेमका तोच फोटो फोटोग्राफरला फार आवडला. "काय चेहरा आहे!" म्हणाली. चेहरा रागाचा होता.

भेगा पडलेल्या टाचा दिसल्या की ती "सुंदर" म्हणायची. शर्टाची फाटलेली बाही बघून "सुंदर". उसाच्या पाचटानं कापलेलं कपाळ बघून आवाज अगदी हळू करून "सुंदर". तो शब्द मला ऐकवायचा नाही. पण मी चार पानं लिहिली होती ना. मी पुढच्या घराची वाट दाखवायचे.

चौथ्या दिवशी मी तिला आमच्या घरी नेलं. मीच म्हटलं, चला. कुणी बळजबरी केली नाही.

वडिलांनी सकाळीच दाढी करून कडक टोपी घातली होती. दारात खाटेवर असे बसले होते की, जणू मुलगी बघायला पाहुणे येणार. फोटोग्राफरनं नमस्कार केला आणि आत गेली. बराच वेळ वाट बघून वडिलांनी मला हाक मारली. "आगं, माजा कवा काढनार?"

"तुमचा नाही दादा. त्यांचा विषय बायका आहे."

"मंग सकाळपास्नं गाल कशाला खरवडला मी?" ते म्हणाले, आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

आत फोटोग्राफरनं आईला वडिलांचा जुना फुल बाह्यांचा शर्ट साडीवर चढवायला सांगितला. तोडीला बायका घालतात तसा. आई म्हणाली, "दोन सालं झाली, आमी जात न्हाई." फोटोग्राफर म्हणाली, "हो, पण इतकी वर्षं गेलात ना मावशी? ते तर खरंच आहे ना?" आढ्यातला कोयता काढला. तो मी काढला, स्टुलावर चढून. आईनं तो हातात घेतला पण खांद्यावर धरेना. "घरात कोयता उगारू न्हाई," म्हणाली. शेवटी तो मांडीवर ठेवला.

भिंतीवर माझा पदवीचा फोटो होता. स्टुडिओवाल्याचा भाड्याचा काळा झगा, हातात गुंडाळी. गुंडाळीत काही नव्हतं, नुसता कोरा कागद, पण आमच्या घरात देवाच्या तसबिरीखालोखाल त्याचा मान. फोटोग्राफरनं एक डोळा बारीक केला. "अगं, तेवढं काढू या का? लक्ष सगळं तिकडे जातंय."

मी तो खिळ्यावरून काढला आणि कपाटावर ठेवला. भिंतीकडे तोंड करून. तसा का ठेवला, ते आजही सांगता येत नाही.

मग तिनं संमतीचा कागद काढला. फोटो वापरायला हरकत नाही, असं लिहिलेला. आई म्हणाली, "पेन द्या." त्याच वेळी फोटोग्राफरची नजर फडताळातल्या पॅडवर गेली.

"ओह," ती म्हणाली. "अंगठ्याचं पॅड. मावशी, अंगठाच द्या ना. या खिडकीतून उजेडही छान पडलाय."

"मला सही येती."

"अहो असू दे. फोटोला अंगठा जास्त बोलतो."

आईनं माझ्याकडे बघितलं. पेनासाठी पुढे केलेला हात तसाच होता. माझ्या तोंडात सगळं होतं, की पॅड गटाचं आहे, की आई अध्यक्ष आहे, की ही सही मी शिकवली आहे. आणि मी म्हणाले, "दे ना आई. फोटोपुरतं तर आहे."

आईनं अंगठा दिला. फोटोग्राफरनं तो तसाच उजेडात धरून ठेवायला सांगितला. कितीतरी वेळ कॅमेरा कटकट वाजत राहिला. नंतर आईनं तो केसाला पुसला आणि चहा टाकायला उठली. माझा पदवीचा फोटो तिनं संध्याकाळी परत लावला.

सहा-सात महिने गेले. माझा लेख पुस्तकात "बसत नव्हता" म्हणे. शेवटच्या पानावर आभाराच्या यादीत माझं नाव आलं, "स्थानिक सहकार्य" या सदरात, गाडीच्या ड्रायव्हरच्या नावाखाली. मग एके दिवशी मोबाईलवर आईचा फोटो आला. पुण्यात प्रदर्शन सुरू झालं होतं. पुढे धरलेला काळा अंगठा, मागे धूसर आई. खाली इंग्रजीत आणि मराठीत छापलेलं: "या हातांत पेन कधी आलं नाही. कोयता आला."

मी ऑफिसात होते. डबा उघडलेला होता, तो तसाच बंद केला.

मोबाईलवरून मोबाईलवर तो फोटो गावात पोचायला एक दिवस पुरला. गटाच्या मीटिंगला काय झालं ते वडिलांनी मला फोनवर सांगितलं. गटात एक बाई आहे, बारावी शिकलेली, अध्यक्षपद आपल्याला मिळायला हवं होतं असं तिला पहिल्यापासून वाटतं. तिनं मोबाईल सगळ्यांपुढे धरला.

"अध्यक्षीणबाई, तुमच्या हातात पेन आलंच न्हाई म्हनं? मंग आमच्या कागदावर सह्या कोन करतं? रविवारी रविवारी लेक येती, ती का?"

आई म्हणाली, आत्ता करून दाखवते. कागद आला, पेन आलं, पंधरा बायका वाकून बघायला लागल्या. "आन् पोरी, तिचा हात कापला," वडील म्हणाले. "सही वाकडी आली. ते शेपूट बी आलं न्हाई." बारावीवाली म्हणाली, "बगा. अंगठेबहाद्दर!" कुणीतरी हसलं. मग ठरलं की याचा काही खुलासा होईपर्यंत सह्या बारावीवालीनं करायच्या. पॅड तेवढं आईकडे राहिलं. ते कुणी मागितलं नाही.

त्या रविवारी मी गेले तर आई मटकी निवडत होती. मी फोटोग्राफरला शिव्या द्यायला सुरुवात केली. ढोंगी आहे, लबाड आहे, पोट भरलेल्यांचे धंदे आहेत हे सगळे. आईनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"तिला काय म्हाईत?" ती म्हणाली. "तुला म्हाईत हुतं."

पुढे मटकी निवडत राहिली. सूप रिकामं झाल्यावर म्हणाली, "कुटं लावलाय त्यो फोटू? मला न्यायचं तितं."

आम्ही एसटीनं पुण्याला गेलो. आईनं ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती आणि हातात कापडी पिशवी. प्रदर्शनाच्या काचेच्या दाराशी तिनं विचारलं, "आत देव हाय का?"

"नाही."

"मंग ऱ्हाऊ दे चपला पायात."

आत गारठा होता. भिंती पांढऱ्याफेक, माणसं दबक्या आवाजात बोलणारी. आमच्या भागातल्या बायका भिंतीभर टांगलेल्या. पदर तोंडात धरलेली ती वहिनीही होती. तिच्या गालावरची पावडर एवढ्या मोठ्या फोटोत कशी दिसत नव्हती, कोण जाणे. आई सगळ्यांसमोर थोडी थोडी थांबली, जत्रेत ओळखीचं माणूस भेटावं तशी. मग स्वतःसमोर आली. फोटो आमच्या घराच्या दाराएवढा. अंगठ्यावरची एकेक रेघ दिसत होती. आणि मागे, तिच्या खांद्याच्या वर, भिंतीवर एक धूसर, मोकळा खिळा आणि त्याखाली चौकोनी फिकट डाग. माझा फोटो होता तेवढी जागा. ती मला दिसली. मी तोंडावर रुमाल धरला.

"मावशी!" फोटोग्राफर धावत आली. तिनं आईला मिठी मारली. ती मनापासून होती, तेच तर. दोन-चार पाहुण्यांना हाक मारून म्हणाली, "ह्याच त्या!" एका गृहस्थांनी हात जोडले आणि बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं विचारलं, "आपको कैसा लग रहा है?"

"मला मराठी येतं," आई म्हणाली.

मग तिनं फोटोखालच्या कार्डाकडे बोट केलं. "ताई, हे वाचा. माजी पोरगी वाचती, पन तुमी वाचा."

फोटोग्राफरनं वाचलं.

"खरं हाय का हे?"

"मावशी, ते तुमच्या एकटीबद्दल नाहीये. ते प्रतीक आहे. सगळ्याच बायकांचं."

"पन अंगठा माजा हाय."

फोटोग्राफर माझ्याकडे वळली. इंग्रजीत शिरली, मग परत मराठीत आली. "अगं, तू त्या वेळी बोलायचंस ना मला!"

मी हातातला रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला.

ती म्हणाली, कार्ड बदलते, आजच बदलते. पुस्तकाचं आता काही होणार नाही, छापून झालंय. आई म्हणाली, "ते तुमचं तुमी बगा. मला कागद लिवून द्या." काय लिहायचं तेही तिनंच सांगितलं. फोटोग्राफरनं टेबलावर वाकून लिहिलं: या बाईंना सही येते. त्या सही करणार होत्या. मी अंगठा मागितला. खाली तिनं सही केली, एक वेटोळं आणि एक फटकारा.

आईनं कागद हातात धरून ते वेटोळं बघितलं. "ही कुनाची बी आसंल," म्हणाली. "आमच्या बायांचा आता सहीवर इस्वास न्हाई." आणि पिशवीतून, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं, गटाचं शाईचं पॅड काढून तिनं टेबलावर ठेवलं. झाकण उघडलं. "अंगठा द्या."

फोटोग्राफर हसली. मग तिच्या लक्षात आलं की कुणी हसत नाहीये. मघाच्या त्या गृहस्थांनी मोबाईल वर केला. ती झटकन वळून म्हणाली, "प्लीज, फोटो नको हं!"

त्यांनी मोबाईल खाली घेतला. तिच्या एका शब्दावर.

तिनं अंगठा दिला. आईनं स्वतः तो धरून नीट टेकवला, गटातल्या म्हाताऱ्यांचा टेकवते तसा, डावीकडून उजवीकडे. नंतर फोटोग्राफर काळा अंगठा अंगापासून लांब धरून टिश्यू कुठे मिळतो ते बघायला लागली.

"केसाला पुसा," आई म्हणाली. "तेल आसंल तर जातं."

मी पिशवी उचलली, निघायचं म्हणून. आईनं पॅड बंद केलं नव्हतं.

"तू बी दे," ती म्हणाली. "साक्षीदार लागतो."

"आई, मी सही करते ना."

"सही तुजी हाय गं चांगली," ती म्हणाली. "अंगठा दे."

मी दिला. बी.कॉम., फर्स्ट क्लास. पॅड थंड होतं, आणि ओलं. परतीच्या एसटीत मी तो अंगठा केसांत घासत बसले. माझ्या केसांना तेल नसतं. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या दारावरच्या हजेरीच्या यंत्रानं तो घेतला नाही. वॉचमननं विचारलं, "मॅडम, कुठं अंगठा मारून आलात?" मी म्हणाले, पुण्याला.

पुढच्या मीटिंगला मी मुद्दाम रजा टाकून गेले. आईनं कागद बारावीवालीकडेच वाचायला दिला. तिनं शेवटपर्यंत वाचला, खालचे दोन अंगठे बघितले. "ही पुन्याची बाई आता गटात घ्यायची का? अंगठा तर दिलाय," ती म्हणाली, आणि बायका अशा हसल्या की एका म्हातारीला ठसका लागला. बारावीवालीनं पेनाचं टोपण काढून पेन आईकडे दिलं. तेवढं तिनं केलं.

आईनं गटाच्या कागदावर सही केली. हात हलला नाही. शेवटच्या अक्षराचं शेपूट लांब, पीळ मारल्यासारखं आलं. मी तिच्या डाव्या हाताला बसले होते, नेहमी बसते तिथे. मान जरा पुढे केली होती.

तिनं कागद माझ्याकडे फिरवला नाही. त्यावर एकदा फुंकर मारली आणि समोरच्या बाईकडे सरकवून दिला.